परड्यातला वसंत : तगरीवरच्या अळीपासून रात्रीच्या पावशापर्यंत

बेळगावातल्या वडगावच्या एका ताईंनी एकदम पाच प्रश्न विचारलेत. सासूबाईंना सोबत म्हणून त्या दोन महिन्यांपूर्वी पुण्याहून इथं राहायला आल्या. परड्यातल्या तगरीची पानं रातोरात गायब होतायत आणि काल फांदीवर बोटाएवढी जाड हिरवी अळी सापडली. तिला मारायची का? एक काळानिळा इवलासा पक्षी रोज सकाळी स्कूटरच्या आरशावर चोच आपटतो. त्याला काही झालंय का? दुपारभर टुक-टुक-टुक असा आवाज येतो, पण पक्षी दिसत नाही. रात्री दीड-दोनला कुणीतरी जीव तोडून ओरडतं. ती टिटवी असेल तर वाईट असतं असं सासूबाई म्हणतात, ते खरं का? आणि शेवटी, "हे सगळं नीट बघायला शिकायचं तर कुठं जायचं? भीमगडच्या रानात की दांडेलीच्या?"

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. पहिलं वर्षभर कुठंच जाऊ नका. मी तीस वर्षं पाखरं आणि किडे बघतोय. त्यातली पहिली पाच-सहा वर्षं रानं पालथी घालण्यात गेली. नावांच्या याद्या वाढल्या, पण माझ्याच दारातल्या आंब्यावर कावळीण कोकिळेचं पिल्लू भरवतेय हे मला शेजारच्या आजींनी दाखवलं. रानातला पक्षी तुम्हाला दोन मिनिटं दिसतो आणि जातो. परड्यातला पक्षी काल काय करत होता, आज काय करतोय, गुढीपाडव्याला कुठं होता आणि रामनवमीला कुठं आहे, हे कळत जातं, आणि माझ्या मते बघणं म्हणजे एवढंच. तुमचे बाकीचे चारही प्रश्न परड्यातले आहेत, म्हणजे सुरुवात तुम्ही केलेलीच आहे.

आता अळी. कृपा करून मारू नका. तुम्ही लिहिलंय की डोक्यामागं दोन निळे डोळे आहेत. ते डोळे नव्हेत, नुसते ठिपके आहेत. ही कण्हेरीवरच्या पतंगाची अळी. कण्हेर आणि तगर ही तिची आवडती झाडं, आणि आपल्याकडं देवाला फुलं हवीत म्हणून दर दुसऱ्या घरात तगर असतेच. झाडाचा चीक विषारी असतो, कण्हेर खाल्ली तर जनावर दगावतं, पण या अळीला ती पानं पचतात. हळूच एक काडी लावून बघा. ती खरं डोकं आत ओढून घेते, पुढचा भाग फुगतो आणि ते दोन निळे ठिपके, काळ्या कडेचे, मधे पांढुरके, एकदम तुमच्याकडं बघायला लागतात. सापाचं तोंड वाटावं असं. शिंपी पक्षी किंवा बुलबुल चोच मारायला आला तर क्षणभर दचकतो, आणि तेवढा क्षण अळीला पुरतो.

अळी एवढी मोठी, तरी आधी का दिसली नाही? पानाच्या देठाला धरून, पाठ खाली करून ती पडून राहते आणि हिरव्यात हिरवी मिसळून जाते. मी अळी शोधायला झाडाकडं बघतच नाही, खाली फरशीवर बघतो. मिऱ्याएवढ्या, लांबट, खाचा पडलेल्या काळपट लेंड्या पडलेल्या असतील तर बरोबर त्याच्या वर मान करायची. लेंडी ओली असेल तर ती अजून तिथंच आहे. एका अळीनं तगर मरत नाही. वळवाचा एखादा पाऊस झाला की झाड पुन्हा फुटतं.

आणि अळ्याच मारल्या तर पुढचं सगळं खोळंबतं. दाणे टिपणारी चिमणीसुद्धा पिल्लांना सुरुवातीचे दिवस किडे आणि कोवळ्या अळ्याच भरवते. ज्या परड्यात फवारा मारलेला असतो तिथं बुलबुल घरटं करतो खरा, पण पिल्लांना काय घालणार? त्यामुळं एक-दोन फांद्या अळीच्या नावानं सोडाव्यात. कढीपत्त्यावरही असंच. तिथं पक्ष्याच्या विष्ठेसारखी काळीपांढरी बारीक अळी दिसली तर ती लिंबावरच्या फुलपाखराची किंवा तिच्या चुलत बहिणीची असते. मोठी झाली की ती हिरवी होते, मग दिसत नाही.

याच ओघात पतंगांचं बोलतो, कारण मुलं फुलपाखरांची चित्रं काढतात आणि पतंगाला मात्र केरसुणीनं झोडपतात. भारतात फुलपाखरांच्या १३०० च्या वर जाती आहेत, आणि पतंगांच्या १०,००० हून जास्त. म्हणजे खरी गर्दी रात्रीची आहे. ओळखायचं कसं, तर मिशा बघायच्या. फुलपाखराच्या मिशीच्या टोकाला गाठ असते, पतंगाची मिशी दोऱ्यासारखी किंवा पिसासारखी. बेळगावात मार्चअखेरीपासून एखाद्या संध्याकाळी आभाळ भरून येतं, वळीव पडतो, मातीचा वास सुटतो. त्या रात्री सोप्यातला दिवा लावून ठेवा. अमावस्येच्या आसपासची रात्र असेल तर फारच चांगलं. जुनं पांढरं धोतर दोरीवर वाळत घालतात तसं टांगायचं, समोर पांढरा दिवा, आणि तासभर खुर्ची टाकून बसायचं. सुरुवातीला तांदळाएवढे बारीक येतात, मग वाळक्या पानासारखे, सालीसारखे, हळदीच्या डागासारखे. खानापूरच्या बाजूला जांबोटीकडं रानालगतच्या घरांवर पावसाळ्याच्या तोंडाला तळहातापेक्षा मोठा ॲटलास पतंगही येतो. मोठा झाल्यावर त्याला खायला तोंडच नसतं. अळी असताना साठवलेल्या चरबीवर आठवडाभर जगतो, तेवढ्यात जोडीदार शोधायचा. पाठीवर कवटीसारखी खूण असलेला एक पतंगही कधी भिंतीवर बसलेला सापडेल. धरला तर तो चक्क ची-ची करतो. लोक घाबरतात, पण त्याला चावता येत नाही. तो मधमाश्यांच्या पोळ्यात शिरून मध खातो, एवढीच त्याची चोरी.

एक मात्र करा. झोपायच्या आधी दिवा बंद करा आणि कापड झुडपात हलकेच झटकून घ्या. दिवा रात्रभर ठेवला तर पतंग तिथंच चिकटून राहतात, आणि उजाडताच दयाळ, कोतवाल, बुलबुल येऊन ताटात वाढल्यासारखं सगळं साफ करतात. माझ्या हातून हे झालंय, एका सकाळी कापडाखाली नुसत्या पंखांचा सडा होता. तेव्हापासून मी दहाच्या पुढं दिवा ठेवत नाही.

आरशाशी भांडणारा तुमचा पाहुणा म्हणजे शिंजीर, जांभळ्या सूर्यपक्ष्याचा नर. त्याला काही झालेलं नाही. या दिवसांत त्याची हद्द ठरलेली असते, आणि आरशात त्याला आपल्याच हद्दीत घुसलेला दुसरा नर दिसतो. तो चोच मारतो, समोरचाही मारतो. हा पळत नाही, तोही पळत नाही. खायचंप्यायचं सोडून तो दमून जातो, म्हणून आरशांवर जुने मोजे किंवा कापडी पिशवी चढवून ठेवा. दोन-तीन आठवड्यांत हे वेड ओसरतं. दयाळ आणि धोबी पक्षीसुद्धा असंच करतात, काचेच्या तावदानांवर तर जास्तच.

नर भांडत असताना मादी काय करते ते बघा. ती वरून मळकट तेलकट, खालून फिकट पिवळी, सहज नजरेत न भरणारी. घरटं तीच बांधते. कोळिष्टकं ओढून आणते, त्यात सालीचे तुकडे, वाळकं गवत, अळ्यांच्या लेंड्यासुद्धा चिकटवते आणि लोंबती पिशवी तयार करते. दारावर इवलीशी पागोळीही असते. बाहेरून बघितलं तर वाऱ्यानं अडकलेला कचरा वाटेल. कपड्यांच्या तारेला, घंटीच्या वायरीला, बोगनवेलीला हमखास सापडतं. पाडव्याची झाडलोट करताना लोक जाळ्यांबरोबर हेही ओढून काढतात, म्हणून काठी लावायच्या आधी एकदा नीट बघायचं. पिल्लं उडाली की नराची ती निळीजांभळी चकाकीही उतरते. मग तो मादीसारखाच दिसतो, फक्त गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी रेघ राहते.

टुक-टुक करणारा तांबट. तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा आवाज, एका मिनिटात शंभराहून जास्त ठोके, तेही चोच मिटून. गळ्याची कातडी फुगते आणि आवाज आतून येतो. ओरडताना तो मान इकडून तिकडं वळवतो, त्यामुळं आवाज कधी डावीकडून, कधी उजवीकडून आल्यासारखा वाटतो आणि आपण चुकीच्या झाडाखाली उभं राहतो. दुपारी शोधू नका. सकाळी ऊन पडताच झाडाच्या अगदी शेंड्याला, निष्पर्ण काटकीवर तो ऊन खात बसतो. चिमणीपेक्षा थोडा मोठा, हिरवा, कपाळ लाल, गळा पिवळा. त्याचाच थोराड भाऊ कुटुर्गा, त्याचं कुटुर्र-कुटुर्र कँपातल्या आणि टिळकवाडीतल्या जुन्या झाडांवर दिवसभर चालू असतं. दोघंही वड, पिंपळ, उंबर यांच्या फळांवर जगतात.

तांबटाबद्दल एक गोष्ट मला सांगायलाच हवी. आमच्या परड्यात पांगारा होता. त्याची एक वाळलेली फांदी पत्र्यावर झुकली होती. मार्च महिना होता, मीच गड्याला सांगितलं की एवढी तोडून टाक. फांदी खाली पडल्यावर तिच्या खालच्या बाजूला रुपयाएवढं गोल भोक दिसलं, कडा एकदम घासूनपुसून केल्यासारख्या. आत तीन पिल्लं होती, अंगावर पीस नाही, डोळे मिटलेले. दोन जागीच गेली. तिसरं मी फांदीच्या तुकड्यासकट दोरीनं पांगाऱ्याच्या बुंध्याला उभं बांधलं, भोक बाहेरच्या बाजूला करून. तासाभरानं आईबाप आले, शेजारच्या फांदीवर बसून राहिले, उंबर चोचीत धरून. दुसऱ्या दिवशी आत शिरले. ते एक पिल्लू उडालं. पण मी तेव्हापासून वाळकी फांदी ऑक्टोबर-नोव्हेंबरातच उतरवतो, फेब्रुवारी ते जून कुऱ्हाड लावू देत नाही. तांबट जिवंत कठीण लाकडात भोक पाडू शकत नाही. त्याला शेवगा, पांगारा असलं मऊ झाड आणि तेही वाळलेलं लागतं. आपल्याला जे लाकूड मेलेलं वाटतं ते त्याचं घर असतं. एकदा त्यानं सोडलं की त्याच भोकात पुढं दुसरं कुणीतरी राहायला येतं.

रात्रीच्या ओरडण्याचं मला तुमच्या वर्णनावरूनच कळलं. "आवाज चढत-चढत जातो, आता फुटेल असं वाटतं आणि गप्प होतो," असं तुम्ही लिहिलंय. हा पावशा. आपले शेतकरी त्याला ऐकतात ते 'पेर्ते व्हा, पेर्ते व्हा'. वसंतापासून पाऊस लागेपर्यंत तो दिवसा ओरडतोच, चांदणं असेल तर रात्रीही थांबत नाही. दिसायला शिक्र्यासारखा, उडतोही तसाच. सातभाईंच्या घरट्यात त्याची मादी अंडं घालते. सातभाई त्याला शिकारी पक्षी समजून गोंधळतात आणि तेवढ्यात तिचं काम होतं.

टिटवीचा आवाज निराळा असतो. तिचं टिट-टिट-टिटी-टिट तुटक, घाईघाईचं, उडता-उडता येतं. सासूबाईंना सांगा, त्यांनी ऐकलेलंही चुकीचं नाही, टिटवी ओरडते तेव्हा काहीतरी घडत असतंच. कुत्रं, मुंगूस, साप, माणूस, कुणीतरी तिच्या अंड्यांजवळ आलेलं असतं. वडगाव, येळ्ळूर, अनगोळच्या शिवारात भातानंतरचं मसूर-वाटाण्याचं पीक निघालं की रान मोकळं होतं आणि टिटवी तिथंच उघड्यावर अंडी घालते. मातीत पाय फिरवून केलेला उथळ खळगा, भोवती खडे, आणि मधे चार अंडी, निमुळती टोकं आत वळवलेली. ढेकळाच्या रंगाची, काळ्या डागांची. मी एकदा एका शेतात उकिडवा बसून दहा मिनिटं शोधत होतो आणि अंडी माझ्या चपलेपासून वितीवर होती. टिटवी पुढं पंख मोडल्यासारखी फरपटत होती, मला दुसरीकडं न्यायला.

दुपारी बाराच्या उन्हात ती काय करते ते दुरून, छत्री घेऊन बसून बघण्यासारखं आहे. ओढ्यावर जाते, पोटाची पिसं भिजवते आणि परत येऊन अंड्यांवर उभी राहते किंवा बसते. नाहीतर त्या तापलेल्या मातीत अंडी शिजतील. म्हणून उन्हाच्या वेळी तिला उठवू नये. पाच मिनिटंसुद्धा जड जातात. ट्रॅक्टर यायचा असेल तर चालवणाऱ्याला आदल्या दिवशी जागा दाखवून ठेवा. आमच्या भागातली बहुतेक माणसं तेवढा तुकडा सोडून नांगर फिरवतात, सांगावं मात्र लागतं. काठीला फडकं बांधू नका. कावळ्यालाही ते दिसतं.

आता तुम्ही पुण्याहून आलात म्हणून एक वेगळी गोष्ट. बेळगाव सुमारे ७५० मीटर उंचीवर, बरोबर दोन मुलखांच्या शिवेवर बसलंय. पश्चिमेला जांबोटी, पुढं कणकुंबी, जिथं मलप्रभा उगम पावते, तो सगळा धो-धो पावसाचा, दाट झाडीचा भाग. पूर्वेला गोकाक, सौंदत्ती, अथणी, तिथं काळी माती, शाळू, बाभळी आणि कमी पाऊस. त्यामुळं जिल्हा एकच, पण वसंत दोन. पूर्वेला फेब्रुवारीत काढणीला आलेल्या शाळूवर भोरड्यांचे, म्हणजे गुलाबी मैनांचे, ढगच्या ढग उतरतात, शेतकरी गोफण घेऊन बसतो, आणि एप्रिलपर्यंत त्या मध्य आशियाकडं निघूनही जातात. घटप्रभेकाठी थंडीत आलेले करकोचे तर त्याही आधी हलतात. तारांवर नीलपंख बसलेला असतो, कर्नाटकाचा राज्यपक्षी. बसला की मातकट दिसतो, उडाला की निळा पेटतो. त्याच आठवड्यात पश्चिमेला सावर आणि पळस फुललेले असतात, मैना, कोतवाल, बुलबुल, खारी, वानरं, सगळे एकाच सावरीवर. आणि कुठंतरी जुन्या झाडाच्या ढोलीत धनेशाची मादी स्वतःला आत लिंपून घेऊन बसलेली असते. फटीएवढीच जागा ठेवते, त्यातून नर आठवडेच्या आठवडे फळं भरवतो. नर मेला तर आत काय होईल याचा विचार करा, आणि मग कुणी धनेशावर गलोल उगारली तर तिथंच अडवा.

भीमगडचं म्हणाल तर ते अभयारण्य २०११ साली जाहीर झालं. त्याच बाजूला तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेत राउटनचं वटवाघूळ राहतं. १९१३ साली शास्त्राला त्याची ओळख याच गुहेतून झाली, आणि पुढं कित्येक दशकं ते दुसरीकडं कुठं सापडलंच नव्हतं. आपल्या जिल्ह्यात एवढं मोठं धन आहे याचा मला अभिमान वाटतो, आणि म्हणूनच सांगतो की टॉर्च आणि मोबाइल घेऊन तिथं हौसेनं जाऊ नये. वनखात्याच्या परवानगीशिवाय तर नाहीच. तुम्हाला रविवारी बाहेर पडायचंच असेल तर टिळकवाडीतलं व्हॅक्सिन डेपोचं झाडीचं आवार सकाळी सातला, किंवा किल्ला तलावाचा काठ. तळ्याकाठी मळकट वाटणारा वंचक बगळा एप्रिल-मेपर्यंत पाठीवर गडद किरमिजी शाल घेतो, आणि गायबगळ्याचं डोकं-मान केशरी होतं.

एक शंभर पानी वही करा. तारीख, वेळ, झाड, काय दिसलं, काय करत होतं. एवढंच. पहिली कोकीळ कधी ओरडली, पहिला वळीव कधी, तगरीवर अळी कधी. नाव माहीत नसेल तर जागा मोकळी सोडा, वर्णन लिहा. शेजारच्या अक्कांनी चिमणीला गुब्बी आणि कोकिळेला कोगिले म्हटलं तर तेही लिहून घ्या. इथल्या पाखरांना दोन्ही भाषांत नावं आहेत आणि दोन्हींत लोकांची निरीक्षणं आहेत. मोबाइलवरची ई-बर्ड, आय-नॅचरलिस्ट ही ॲप चांगली आहेत, मीही वापरतो, पण वही आधी.

पाणी ठेवायचं तर मातीची उथळ परात, दोन बोटं पाणी, मधे एक दगड, झुडपापासून थोडी दूर म्हणजे मांजराला दबा धरता येणार नाही. रोज पाणी ओतून टाकून नवं घाला, नाहीतर डासांची पैदास होते. आणि जमिनीवर पिल्लू सापडलं तर घरात आणू नका. पिसं फुटलेली, आखूड शेपटीची बुलबुलाची पिल्लं उडायच्या आधीच घरट्याबाहेर येतात, आईबाप जवळच असतात. उचलून फांदीवर ठेवायचं आणि लांब व्हायचं. माणसाचा हात लागला की पक्षी पिल्लू टाकतात, ही समजूत खरी नाही.

तुमच्या अळीचं आता काय होईल ते सांगून थांबतो. दोन-चार दिवसांत ती खाणं बंद करेल, हिरवी पाठ काळपट तपकिरी होईल, आणि एके सकाळी झाडावर नसेल. कुणी नेली असं समजू नका. ती खाली उतरून पाल्यात शिरलेली असते, तिथंच कोष करते. म्हणून पुढचे पंधरा-वीस दिवस तगरीखालचा पाला झाडू नका, गड्यालाही सांगून ठेवा. मग रोज अंधार पडल्यावर एकदा बुंध्याशी विजेरी मारा. हिरव्या, गुलाबी, पांढुरक्या पट्ट्यांचा, जवानांच्या गणवेशासारखा पतंग ओले पंख वाळवत बसलेला दिसला तर तारीख लिहा आणि मला कळवा.